दगडाला पाणी लागत नाही

लोक प्रवासाला जातात ते काहीतरी बघायला. मी जाते ती धूळ बघायला. गेली सव्वीस वर्षं पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत माझं हेच काम आहे. कुठल्यातरी गिरणीतली चिमूटभर पावडर काचेवर घ्यायची, भिंगाखाली धरायची आणि तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे धागे आहेत का ते शोधायचं. अ‍ॅस्बेस्टॉस म्हटलं की आपल्याला छपराचे सिमेंटचे पत्रे आठवतात. पण तो मुळात दगड आहे, धाग्याधाग्यांचा, आणि कधीकधी दुसऱ्या चांगल्या दगडाच्या शिरेत गुपचूप बसलेला असतो. तो दळला की धागे सुटतात, हवेत उडतात, श्वासाबरोबर छातीत जातात आणि तिथेच राहतात. वीस-तीस वर्षं हूं की चूं करत नाहीत. मग कधीतरी दम लागायला लागतो, आणि तेव्हा डॉक्टरच्याही हातात फारसं काही उरलेलं नसतं.

त्या वर्षी बीड जिल्ह्यातल्या तीन गिरण्या माझ्या वाट्याला आल्या. तिन्हींकडून दगडाची पावडर घेणाऱ्या एका कंपनीला माल परदेशी पाठवायचा होता आणि पलीकडच्यांनी ‘अ‍ॅस्बेस्टॉस नाही’ असा कागद मागितला होता. कागद कंपनीला हवा होता, पैसे कंपनी देणार होती, अहवालही फक्त कंपनीलाच द्यायचा होता. गिरणीत राबणाऱ्यांना काय सापडलं ते कळवायचं, असं करारात कुठेही लिहिलेलं नव्हतं. असं कधीच लिहिलेलं नसतं.

फेब्रुवारी संपत आला होता. दुष्काळाचं लागोपाठ दुसरं वर्ष. ऑफिसातल्या पोरींनी “मॅडम, कुणाचं वाकडं केलंत म्हणून बीडला धाडलं?” असं चिडवून घेतलं. मी चिपळूणची. पाऊस म्हणजे न वाळलेले कपडे आणि बुरसलेल्या चपला, एवढीच माझी पाण्याची तक्रार. दुष्काळ पेपरात वाचलेला. चला, तोही बघून येऊ, अशी एक निर्लज्ज उत्सुकता मनात होती. ती इथेच कबूल करून टाकते.

माजलगाव

माजलगावचं धरण बघून मी आधी फसलेच. इतकं मोठं धरण, म्हणजे पाणी असणारच. भिंतीवर उभी राहिले तर खाली नुसती भेगाळलेली जमीन, आणि फार लांब एक मळकट पाण्याचा पट्टा. त्या पट्ट्यापर्यंत काळे पाइप गेले होते. पाणी जसं मागे सरकेल तसा पाइपाला पाइप जोडत लोक त्याच्या मागे चालले होते. आणि गंमत बघा, धरणापासून गावात शिरावं तर दोन्ही अंगांना ऊस उभा. पिवळा पडलेला, खुरटलेला, पण ऊसच. कारखान्याची मळी नाकात जात होती. मी रिक्षावाल्याला विचारलं की प्यायला पाणी नाही आणि ऊस कसा काय? तो म्हणाला, “म्याडम, उसाचा कारखाना हाय. मानसाचा कारखाना कुटं हाय?”

पहिली गिरणी गावाबाहेर होती आणि तूर्त बंद होती. तिच्या आवारात चारा छावणी लागली होती. चुनखडीच्या पांढऱ्या पावडरीवर दोन-अडीचशे जनावरं दाव्याला बांधलेली, आणि प्रत्येक जनावरामागे घरातलं एक म्हातारं माणूस मुक्कामाला. एका आजोबांनी मला स्वतःच्या बाजेवर बसवलं. आमच्याकडे पाहुण्याला गूळपाणी देतात, इथे त्यांनी अर्धा तांब्या पाणी पुढे केलं आणि मी पिते आहे तोवर ते तांब्याकडे बघत राहिले. मी थोडं उरवून परत दिलं. त्यांनी ते उष्टं पाणी शांतपणे गायीपुढे धरलं.

चुनखडी निर्मळ निघाली. त्या दिवशी सरकीच्या पेंडीच्या वासात बसून मी माझं छोटं भिंग डबीत ठेवलं आणि बरं वाटलं.

चकलांब्याच्या वाटेवर

दुसरी गिरणी गेवराई तालुक्यात, चकलांब्याच्या अलीकडे. संगमरवराचा चुरा दळणारी, जेमतेम सात-आठ माणसांची. काम तासाभरात झालं. लक्षात राहिली ती वाटेवरची गावं. घरामागून घर कुलूपबंद. काही दारांना तर कुलूपही नाही, नुसती काटेरी फांदी आडवी टाकलेली. मला वाटलं, दुष्काळाने लोक गाव सोडून गेले. गिरणीतल्या कारकुनाने समजावलं की हे दर साली असंच असतं. दसरा-दिवाळी झाली की ऊस तोडायला जायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. पश्चिमेकडच्या कारखान्यांवर पाचटाची खोपी घालून सहा महिने राहायचं आणि उन्हाळ्यात परत यायचं. मागे राहतात म्हातारी आणि शाळेतली पोरं.

“आन मोठ्या पोरी?” मी विचारलं. तोवर मलाही थोडी थोडी तिथली भाषा चिकटली होती.

“त्यांचं लगीन लावून टाकतेत, म्याडम. वयात आलेली पोर एकलीच घरी कशी ठिवावी? आन लगीन झालं की नवराबायको, मंजी अजून एक कोयता.”

तिथे कारकुनाच्या घरून आलेली भाकरी आणि ठेचा खाल्ला. ठेचा असा जहाल की डोळ्यांतून पाणी आलं. “दुष्काळात तेवढंच पाणी निघतं,” कारकून म्हणाला. दुसरा नमुनाही स्वच्छ. वाटलं, या खेपेला सुटले.

पाटोद्याच्या पुढे

तिसऱ्या गिरणीच्या गावाचं नाव लिहीत नाही. पाटोद्याच्या पुढे, उघड्याबोडक्या डोंगरांच्या कुशीत आहे एवढं पुरे. ही गिरणी सहकारी सोसायटीची. तिथे शंखजिऱ्याचा दगड दळतात. हाताला साबणासारखा लागणारा हा मऊ पांढरा दगड राजस्थानातून ट्रकने येतो. शंखजिरं म्हटलं की माझे कान टवकारतात, कारण अ‍ॅस्बेस्टॉसला लपायला याच्याइतकी आवडती जागा दुसरी नाही.

चेअरमन भानुदास अण्णा फाटकात हार घेऊन उभे. साठीचे, पांढरे कपडे, चाळीस एकराचे धनी, एकेकाळचे सरपंच आणि आता चार सोसायट्यांवर. असे पुढारी मी पुष्कळ पाहिलेत, त्यामुळे मी आधीच नाक मुरडून उतरले होते. अण्णांनी दहा मिनिटांत माझं नाक सरळ केलं.

“मॅडम, ह्या जिल्ह्यात काय बी काढा, पाणी लागतं. ऊस काढा, पाणी. कापूस काढा, पाणी. म्हशी पाळा, तर लई पाणी. मी रातंदिस इचार केला, असं काय हाय ज्याला पाणी लागत न्हाई? दगड! दगडाला पाणी लागत न्हाई. तवा मागच्या मोठ्या दुष्काळात गिरणी काढली. आज तीस घरं ऊसतोडीला जात न्हाईत. तीस घरं, मॅडम! ह्या गावात सध्या तुमाला दिव्या-बत्तीचं घर दिसंल ना, ते गिरणीचं.”

हे सांगताना ते मला शेडकडे घेऊन गेले आणि मी बघतच राहिले. शेडला छप्परच नव्हतं. उघड्या अँगलखाली, रणरणत्या उन्हात, डोक्यावर पदर घेऊन चौदा बायका पावडर पोत्यांत भरत होत्या.

“छप्पर कुठंय?”

“काडलं!” अण्णा खूश होऊन म्हणाले. “तुमी आसबेस्टास तपासायला येनार मनून खबर आली. सिमेंटचे समदे पत्रे परवाच काडले. एक न्हाई ठिवला.”

“काढले म्हणजे? कसे?”

“पहारीनं. थोडे फुटले. वाया कावून घालायचे? सभासदांना वाटले. कुणी गोठ्यावर टाकले, कुणी न्हानीवर.”

बायकांनी डोक्यावरून वाहून नेलेले, फुटलेले पत्रे. मी डोकं धरलं. मग सांगितलं की पत्रा छपरावर गप पडलेला असतो तोवर फारसं काही करत नाही, तो फोडला की धागे सुटतात. आणि मी छपरासाठी आलेच नव्हते, मी दगड तपासायला आले होते.

“मंजी आमी उगंच काडले?”

“उगंच काढले.”

अण्णा पोट धरून हसले. पोती शिवणाऱ्या बायकाही हसल्या. एक उंच, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलेली बाई मोठ्याने म्हणाली, “अण्णा, आता दगड बी काडून टाका. मंग बसू समदे मोकळे.” ही सत्यभामाबाई. पोत्यांची तोंडं शिवायचं तिचं काम, नवरा त्याच गिरणीत ट्रकमधून दगड उतरवायला. पुढचे दोन दिवस माझे मुख्यतः तिच्याबरोबर गेले.

तिथेच, दुसरा दिवस

हवा तपासायला आम्ही एक लहानसा पंप माणसाच्या कमरेला बांधतो आणि त्याची नळी गळ्याजवळ अडकवतो. दिवसभरात माणूस जी हवा ओढतो ती त्यातून जाळीवर उतरते. सकाळी मी पंप घेऊन गेले तर बायका ओळखू येईनात. सगळ्या लग्नातल्या साड्या नेसून, केस धुऊन, गजऱ्याऐवजी कण्हेरीची फुलं माळून रांगेत उभ्या. तपासणी म्हणजे आपली तपासणी, असं त्यांनी धरलं होतं. टँकर आठ दिवसांनी येणाऱ्या गावात चौदा जणी माझ्यासाठी डोक्यावरून न्हाल्या होत्या. एवढंच नव्हे, पाहुणी येणार म्हणून पहाटे सगळं शेड कोरडं झाडून काढलं होतं. म्हणजे एरवी खाली बसलेली धूळही वर उडवून ठेवली होती.

पंप घूं घूं करायला लागले तशी सत्यभामाबाई म्हणाली, “आमच्या पोटात लई कावळे वरडायलेत असं वाटतंय.” दुपारच्या चहाला तीन जणींनी पंप बंद करून ठेवले. कावून? तर चहा पिताना उगंच मशीन कशाला झिजवायचं. मी रागावणार होते, पण हसू आलं.

अण्णांना मी म्हटलं की दगड फोडताना आणि भरताना पाण्याचा फवारा मारायला हवा, धूळ निम्म्याने खाली बसेल. आजवर मी शंभर ठिकाणी हे वाक्य बोलले असेन. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी तुळशीवर पाय ठेवला.

“मॅडम, दगडाला पाणी लागत न्हाई मनून तर गिरणी काडली. प्यायचं पाणी दगडावर वतू? बाया मला जित्ता सोडतील का?”

नियम पुस्तकात होता आणि टँकर आठवड्यातून एकदा येत होता.

दुपारी सत्यभामाबाई मला जेवायला घरी घेऊन गेली. दोन खोल्या, शेणाने सारवलेलं अंगण, आणि अंगणात पुस्तकांचा ढीग मांडून बसलेली तिची मुलगी रेखा. बारावीला. चार दिवसांवर परीक्षा. सत्यभामाबाई भाकरी थापता थापता सगळं बोलून गेली. “मी सा वर्साची व्हते तवापासून उसाच्या फडात. लगीन चौदाव्या वर्सी. गिरणी निगाली तवा रेखी पाचवीत व्हती. त्या साली पैल्यांदा मी दिवाळीनंतर घरी ऱ्हायले, ताई. पोरीची वेणी घातली. मंग मनलं, आता काय बी होवो, ही कोयता धरनार न्हाई. गिरणी हाय तवर मी हितं, आन मी हितं तवर हिची साळा. गिरणी बंद पडली की आमी दोगं फडात, आन हिला एकलीला ठिवता येत न्हाई. सासू न्हाई मला. मंग हिचं लगीन.” रेखाने मान वर केली नाही, पण पानही उलटलं नाही.

जेवायला भाकरी आणि येसराची आमटी होती. भाजलेल्या धान्यांच्या पिठाची ती दाट, खमंग आमटी मी दोनदा मागून घेतली. ताटं पाण्याने नाही, राखेने घासली. पाणी मात्र माझ्यापुढे तांब्या भरून आलं, आणि तेही इतकं नितळ की मी चकित झाले. गावात सगळीकडे टँकरचं पाणी गढूळ दिसत होतं.

“आमच्या घरचं पानी काचंवानी,” सत्यभामाबाई अभिमानाने म्हणाली. “रेखे, दाव की ताईला गाळणं.”

रेखाने दोरीवर वाळत घातलेलं एक जाड पांढरं कापड आणलं, अंगणात उभी राहिली आणि सवयीने दोनदा जोरात झटकलं. दुपारच्या उन्हात त्यातून निघालेली बारीक पांढरी धूळ तिच्या तोंडावर, पुस्तकांवर, माझ्या ताटावर हळूहळू उतरताना मला स्वच्छ दिसली.

मी ते कापड ओळखलं. दळणयंत्रावर धूळ अडवायला लांब कापडी पिशव्या लावलेल्या असतात. सगळी बारीक पूड त्यांच्या विणीत अडकून बसते. वर्षाने त्या बदलायच्या आणि जुन्या बंद डब्यात पुरून टाकायच्या असतात. या गावात सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की जुन्या पिशव्यांच्या चिठ्ठ्या टाकतात आणि अण्णांच्या हस्ते त्या बायकांना वाटतात. असं घट्ट सुती कापड बाजारात मिळत नाही. पिशवी उसवून, धुऊन तिचं पाण्याचं गाळणं करतात. ज्या घरात ते गाळणं, त्या घरच्या पाण्याला मान.

“पाच वर्सं झाली,” सत्यभामाबाई म्हणाली. “रोज सकाळी रेखीच झटकती. तिच्याबिगर दुसऱ्याला लावू देत न्हाई.”

तिसरा दिवस

सकाळी सोसायटीच्या कचेरीत, खिडकीपाशी भिंग लावून बसले. माझा देवावर फारसा विश्वास नाही, पण त्या सकाळी मी देवाला म्हटलं की सव्वीस वर्षांत कधी काही मागितलं नाही, आज नुसती माती दाखव. गिरणीच्या आवारात दगडाचे दोन ढीग होते, दोन वेगळ्या खाणींतले. पहिल्या ढिगात नुसते शंखजिऱ्याचे पापुद्रे. दुसऱ्यात सुया. सरळ, लांब, दोन्ही टोकांनी तासलेल्या. एक, दोन, सात, नंतर मी मोजायचं सोडून दिलं. पिशवीच्या कापडाचा तुकडा काचेवर घेतला तेव्हा तर मोजण्याचा प्रश्नच नव्हता. पक्कं पुण्यात ठरणार होतं, पण इतक्या वर्षांनंतर मला पुण्याची गरज नव्हती.

पाणी प्यायल्याचं मला फारसं भय वाटलं नाही. जीव जातो तो श्वासातून. मला ते अंगण दिसत होतं आणि ती झटकणारी पोर. पाच वर्षं, रोज सकाळी.

करार मोडला. अण्णांना म्हटलं, सगळ्यांना बोलवा. दुपारच्या सुट्टीत सभासद जमले. पुरुष एका अंगाला, बायका एका अंगाला, अण्णा खुर्चीवर, मी उभी. जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. दुसरा ढीग दळू नका. गाळणी झटकू नका, माझ्याकडे आणून द्या. दगडाबरोबर असे धागे येतात आणि ते छातीत बसतात.

“मंग काय होतं?” मागून कुणीतरी विचारलं.

मी सांगितलं.

“किती दिवसानं?”

“दिवस नाही. वर्षं. वीस, पंचवीस, कधी तीस.”

मग बायकांतून एक फिसकन हसली, तिचं बघून दुसरी, आणि बघता बघता सगळी सभा हसायला लागली. रागाने नाही, टिंगलीने नाही. सुटल्यासारखं हसले सगळे. एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला, “बाई, आमाला वाटलं ह्याच साली काय व्हतं की काय. वीस वर्सं! वीस वर्सं कुनी बगितलीत बे?”

मला रडू फुटलं. एवढ्या लोकांसमोर, पन्नाशी उलटलेली बाई, नाकाला पदर लावून रडले. तशी सत्यभामाबाई उठून माझ्याजवळ आली.

“ताई, रडू नगा. एक इचारू? फडात मी वीस सालं राबले. पाळीच्या दिसात खाडा पडतो मनून माझी गर्भाची पिशवी काडली. तवा मी तिशीची बी नव्हते. माझ्यावानी लई हायेत हितं, हात वर कराया सांगू का? तवा कोन आलतं का यंत्र घिऊन?”

“नाही,” मी म्हटलं.

“मंग आताच कावून आले?”

मला खरं उत्तर माहीत होतं. परदेशी जाणाऱ्या मालाला कागद हवा होता म्हणून. ते मी तिला सांगितलं. तिने मान हलवली, जणू हिशेब जुळला.

अण्णांनी मतदान घेतलं. सोसायटीचे कायदे कडक. चेअरमनच्या मनात आलं म्हणून काही होत नाही. गिरणी चालू ठेवायला सगळे हात वर गेले. सत्यभामाबाईचा हात सगळ्यांत आधी. गाळणी परत करायलाही हात वर गेले, पण ते माझं मन राखायला. दुसऱ्या दिवशी निघताना चौदा घड्या कचेरीत आल्या, धुऊन, नीट दुमडून. मी त्या प्लास्टिकच्या दोन पोत्यांत बांधल्या. मग एकीने विचारलं, “ताई, आता पानी कशानं गाळावं?” माझ्या बॅगेत दोन सुती साड्या होत्या. त्या काढून दिल्या. चौदा घरांना दोन साड्या. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही कोरडे.

जीपपर्यंत सोडायला आलेले अण्णा म्हणाले, “मॅडम, खोटं लिवा असं मी मननार न्हाई. पण एक ढीग खराब हाय, तर एकच ढीग खराब लिवा. चांगल्याला चांगलं लिवा.”

पुणे

मी तसंच लिहिलं. पहिल्या ढिगाची खाण निर्दोष, तिथूनच दगड घ्यावा. दुसऱ्याची वापरू नये. धूळ ओढणारी बंद यंत्रणा बसवावी, खर्चात खरेदीदाराने वाटा उचलावा. कामगारांच्या छातीची तपासणी व्हावी. सहा पानं लिहिली. कंपनीने फक्त पहिलं पान वाचलं असावं. आठवड्याभरात त्यांनी पाटोद्याचा सगळाच माल बंद केला आणि मला सविस्तर अहवालाबद्दल आभाराचं पत्र पाठवलं. मी तालुक्याच्या, जिल्ह्याच्या कचेऱ्यांना पत्रं लिहिली. एकीकडून पोच आली.

गिरणी बंद पडली. एप्रिल गेला, मे गेला. मी सत्यभामाबाईला फोन करत नव्हते. तिच्या मुलीला आता कुणाच्या मांडवात बसवतील, आणि त्या मांडवाला माझ्या सहीचा खांब आहे, एवढंच डोक्यात फिरायचं. नवऱ्याशी बोलले तर तो म्हणाला, तू तुझं काम केलंस. बरोबर आहे. सगळ्यांनीच आपापलं काम केलं होतं.

श्रावणात एके दिवशी दुपारी तिचाच फोन आला. आवाज इतका उत्साही की मी आधी ओळखलाच नाही.

“ताई, गिरणी सुरू झाली! अण्णांनी दुसरा गिऱ्हाईक गाठला, हितलाच हाय, त्याला कागद-बिगद लागत न्हाई. दगड बी त्योच चालतो, दुसऱ्या ढिगाचा, सस्ता पडतो मनला. ऊसतोडीचा मुकादम दारात यिऊन बसलता, त्याला वापस लावला. आन रेखी पास झाली, साळंत पैली आली. लगीन-बिगीन काय न्हाई!”

मी विचारलं की मग आता पुढे कॉलेजला कुठे, बीडला की पाटोद्याला?

“कालेजात कुटं, ताई. सोसायटीत जागा निगाली. अण्णांनी सोता बोलवून घेतलं, शिकलेली पोर पायजे मनले. पोती मोजायची, लिवायची, आन मोकळी आसली की शिवायची. माझ्या शेजारीच बसती. कोयता चुकला तिचा, ताई! थांबा, तिलाच देते.”

फोनमध्ये दळणयंत्राची घरघर होती. मग रेखाचा आवाज, लाजरा आणि आनंदाने भरलेला. “मॅडम, मी लागले.”

“अभिनंदन,” मी म्हणाले. आणि ते मी मनापासून म्हणाले, हेच मला अजून सहन होत नाही.